धाराशिव जिल्ह्यातील घरगुती गोमांसपाक आणि मेक्सिकोतील ‘बिर्रिया’ : एक तौलनिक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात निजामी राजवट, हैदराबाद मुक्तिसंग्राम, जमीन महसूल, सहकार आणि दुष्काळ या विषयांना मोठे स्थान मिळाले आहे. सामान्य माणसे काय खात होती, ते कसे शिजवत होती आणि त्यांच्या ताटावरून त्यांची सामाजिक जागा कशी ठरवली जात होती, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ इतिहासाच्या कक्षेबाहेर राहिला. पाककृती हा महिलांच्या नियतकालिकांचा विषय आणि अन्नधान्य हा अर्थशास्त्राचा विषय, अशी सोयीची वाटणी अभ्यासकांनी करून टाकली होती. या वाटणीत गावकुसाबाहेरची चूल कोठेच बसत नव्हती.

अलीकडच्या काळात मेक्सिकोतील ‘बिर्रिया’ हा पदार्थ जगभर परिचित झाला आहे. सुक्या लाल मिरचीच्या वाटणात मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचे, ते बोटांनी सुटेल इतके मऊ झाले की मक्याच्या पातळ भाकरीत, म्हणजे ‘तोर्तिया’त, घालून दुमडायचे आणि त्याच रश्शात बुडवून खायचे, असे त्याचे स्वरूप आहे. दुमडलेल्या तोर्तियाला ‘टाको’ म्हणतात. मूळचा हा पदार्थ बोकडाचा होता. पुढे गोमांसाचा बिर्रिया अधिक लोकप्रिय झाला. या पदार्थाची मांडणी धाराशिव जिल्ह्याला अपरिचित नाही. निबर मांस, लाल मिरची, मंद आच, वर आलेला तवंग आणि त्यात बुडवायची भाकरी हे सारे या जिल्ह्यातील महारवाड्यांत, मांगवाड्यांत आणि मुस्लिम मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या घरोघर चालत आले आहे. फरक आहे तो प्रतिष्ठेचा. एका देशात कष्टकऱ्यांच्या चुलीवरचा पदार्थ राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला. दुसऱ्या देशात तसाच पदार्थ दार लावून खाण्याचा विषय राहिला. हा फरक पाककौशल्यातून निर्माण झालेला नाही. मांस कोणत्या नात्याने घरात येते, हक्क म्हणून, सक्ती म्हणून की खरेदी म्हणून, यावर त्याची प्रतिष्ठा ठरते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने उस्मानाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव हे नाव मिळाले. येथे सर्व काळांसाठी हेच नाव वापरले आहे. विषयाची साधने विखुरलेली आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५), अलेक्झांडर रॉबर्टसन यांचा महार समाजावरील ग्रंथ (१९३८), दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) ही त्यांतील काही होत. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले. मात्र या विषयाचे सर्वांत थेट साधन धाराशिव जिल्ह्याच्याच मातीतून आले. मूळचे याच जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांचा ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हा २०१५ साली प्रकाशित झालेला ग्रंथ मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची पाककृतींसह नोंद करतो.

मेक्सिकोतील पार्श्वभूमी

अमेरिका खंडात मुळात गाय नव्हती आणि शेळीही नव्हती. कोलंबसाच्या १४९३ मधील दुसऱ्या सफरीत गुरे कॅरिबियन बेटांवर उतरली आणि १५२१ च्या सुमारास ती मेक्सिकोच्या किनाऱ्यावर पोहोचली. पुढील शतकात मोकळ्या कुरणांवर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. शेळ्याही तशाच पसरल्या, पण स्पॅनिश मालकवर्गाच्या दृष्टीने शेळीचे मांस हलक्या प्रतीचे होते. पश्चिम मेक्सिकोतील हालिस्को प्रांत हे बिर्रियाचे माहेर मानले जाते. ‘बिर्रिया’ या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘निरुपयोगी, टाकाऊ वस्तू’ असा आहे. ज्यांना हलके मांस मिळाले त्यांनी त्याला मिरची, जिरे, लवंग, दालचिनी आणि शिरका लावून शिजवले, आणि शिवीवजा नाव पदार्थाला कायमचे चिकटले.

गोमांसाच्या बाबतीतही हेच दिसते. टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या सीमाभागातील मोठ्या गुरेपालन मळ्यांवर राबणाऱ्या मेक्सिकन गुराख्यांना जनावराचे डोके, आतडी आणि पोटाकडचा चिवट पडदा असे भाग मजुरीचा हिस्सा म्हणून दिले जात. डोके खड्ड्यात निखाऱ्यांवर रात्रभर पुरून शिजवण्याची ‘बार्बाकोआ’ची पद्धत आणि पडद्याच्या मांसापासून होणारा ‘फाहिता’ हे पदार्थ या मजुरीतून घडले. ‘टाको’ या शब्दाचा उगमही कष्टकऱ्यांच्या जगात शोधला गेला आहे. मेक्सिकन अन्नाचे इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात हा शब्द चांदीच्या खाणींशी जोडला आहे. खाणीत खडक फोडण्यासाठी दारू भरून कागदात गुंडाळलेल्या सुरळीला टाको म्हणत. भाकरीच्या सुरळीला तेच नाव पडणे साहजिक होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिहुआना या सीमेवरील शहरात बोकडाऐवजी गोमांसाचा बिर्रिया रूढ झाला. गोमांस स्वस्त पडे आणि सहज मिळे. तोर्तिया रश्शावरच्या लाल तुपकट तवंगात बुडवून तव्यावर कडक भाजण्याची रीत तेथूनच अमेरिकेत गेली. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाकसंस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. टाकाऊ म्हणून हिणवलेल्या मांसाचा हा प्रवास सरळ नव्हता. मेक्सिकोतील उच्चभ्रू वर्ग एकोणिसाव्या शतकात मक्यालाच मागासलेपणाचे कारण मानत होता. तरीही तेथे हे मांस खाणाऱ्याला स्पर्श करू नये, असा नियम कोणत्याही काळात नव्हता.

दख्खनमध्ये आलेली रोपे

धाराशिव जिल्ह्याचा बाहेरच्या जगाशी संबंध जुना आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे आणि तेथील उत्खननांत रोमन संपर्काचे पुरावे मिळाले आहेत. तेरच्या कुंभारांनी, विणकरांनी आणि गुरे राखणाऱ्यांनी मांस खाल्ले असेल तर ते मिरीवर, आल्यावर किंवा लसणीवर खाल्ले असणार, कारण लाल मिरची या खंडात यायला आणखी जवळजवळ पंधराशे वर्षे होती. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती गोव्यात आणली आणि मिरीवरूनच तिला मराठीत मिरची हे नाव मिळाले. टोमॅटो, मका, भुईमूग, बटाटा आणि पपई ही सारी अमेरिकेची देणगी होय. यांतील पपईकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. निबर मांस लवकर शिजावे म्हणून दख्खनच्या स्वयंपाकघरांत कच्च्या पपईचा कीस किंवा चीक लावतात. त्यातील पाचकद्रव्य मांसाचे तंतू सैल करते. म्हणजे मेक्सिकोतील कष्टकऱ्याच्या आणि धाराशिवच्या कष्टकऱ्याच्या हंडीत एकाच भूमीतून आलेली मिरची पडत होती, इतकेच नव्हे तर मांस मऊ करण्याची युक्तीही मध्य अमेरिकेतल्याच झाडाची होती.

भाकरीच्या बाबतीत दोन्ही प्रदेश वेगळ्या वाटेने गेले. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग दळला जातो. या प्रक्रियेमुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला उपलब्ध होते. मराठवाड्यात ज्वारी कोरडी दळली जाते आणि पीठ गरम पाण्यात मळून भाकरी थापली जाते. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले की दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळतो, आणि त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या अधिक प्रमाणाशी आहे. मांस हा नायसिनचा उत्तम स्रोत असल्याने ज्वारीची भाकरी आणि मांसाचा रस्सा ही जोडी पोषणाच्या दृष्टीने परस्परपूरक ठरते. ज्यांना ‘अशुद्ध’ ठरवले गेले त्यांच्या ताटातील ही जोडी शास्त्राच्या कसोटीला उतरते, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

गावगाडा आणि जनावर

मराठवाड्यातील शेती बैलावर उभी होती. देवणी, लाल कंधारी, खिल्लार या जाती ओढकामासाठी प्रसिद्ध होत्या आणि बैल हा शेतकऱ्याच्या घरातला सदस्य मानला जाई. हा बैल दहा-पंधरा वर्षे नांगर, पाभर, मोट आणि गाडी ओढून म्हातारा होई आणि गोठ्यात किंवा शेतात मरे. मेल्यानंतर त्याला घरच्या माणसाने हात लावायचा नसे. ढोर ओढणे हे महारांचे काम होते. आत्रे यांनी वर्णन केलेल्या बलुत्याच्या व्यवस्थेत येसकरी, तराळकी, सरकारी निरोप, हद्दीची राखण यांबरोबर मेलेले जनावर ओढून नेणे हेही महारांकडे होते आणि त्याच्या मोबदल्यात जनावराचे मांस व कातडे त्यांच्याकडे जाई. महारांच्या बावन्न हक्कांची परंपरा बेदरच्या बादशहाने दिलेल्या सनदेशी जोडली जाते. बेदर हे या जिल्ह्याचे जवळचे शेजारी, आणि नळदुर्ग-परांडा हे किल्ले बहमनी राज्याचे महत्त्वाचे भाग होते. त्यामुळे या परंपरेला येथे एक स्थानिक रंग आहे. वतनी जमिनीला ‘हाडकी हाडोळा’ म्हणत. नावातच हाडे आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘हक्क’ या शब्दाने अभ्यासकाची दिशाभूल होऊ शकते. मांस मिळण्याचा हक्क आणि जनावर ओढण्याची सक्ती या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. पहिला सोडता येत होता असे वाटले तरी दुसरीपासून सुटका नव्हती. टेक्सासच्या गुराख्यालाही डोके आणि आतडी मजुरीत मिळत, परंतु मळा सोडून गेल्यावर त्याची ती ओळख संपत असे. महाराची ओळख त्याच्या आधी पुढच्या गावात पोहोचलेली असे.

या व्यवहाराचा पाकशास्त्रावर थेट परिणाम झाला. कामाने झिजलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या मांसात स्नायूंना बांधून ठेवणारी संयोजी ऊती जुनी आणि पक्की झालेली असते. असे मांस भाजून किंवा घाईने परतून खाता येत नाही. पाण्यात, झाकून, मंद आचेवर तासन्‌तास ठेवले तरच त्यातील कोलॅजेन विरघळून रश्शाला दाटपणा येतो आणि तंतू सुटतात. श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात ही पद्धत चवीसाठी वापरली जाते. येथे ती अपरिहार्य होती. खऱ्या अर्थाने हे शास्त्र गरजेने शिकवले.

घरातील रीत

पाककृतीचे वर्णन करताना ती कोणाच्या हातची होती हे विसरता येत नाही. जनावर ओढून आणणे व वाटे घालणे हे पुरुषांचे काम. पुढचे सारे स्त्रियांचे. एका दिवसात घरात आलेले मांस एका दिवसात संपणारे नव्हते आणि पुढचे कधी येईल हे कोणालाच ठाऊक नसे. म्हणून ते टिकवणे हे शिजवण्याइतकेच महत्त्वाचे होते. मांसाच्या लांब पट्ट्या कापून त्या दोरीवर उन्हात वाळवत. या वाळवलेल्या तुकड्यांना ‘चान्या’ किंवा ‘चाण्या’ म्हणतात. कडक वाळलेल्या चान्या मडक्यात भरून ठेवत आणि पावसाळ्यात, मजुरी नसलेल्या दिवसांत मूठमूठ काढून शिजवत किंवा निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खात. उत्तर मेक्सिकोतील कोरड्या प्रदेशात गोमांस असेच वाळवून, कुटून ‘मचाका’ करतात. दोन्ही प्रदेश पर्जन्यछायेचे किंवा वाळवंटी. ऊन भरपूर, मीठ-तेल महाग. समान हवामानातून समान उत्तर निघाले. फरक एवढाच की मचाका आज डब्यांतून विकला जातो.

ताजे मांस शिजवताना आधी ते हळद-मीठ लावून त्याच्याच अंगच्या पाण्यावर आणि थोड्या वरच्या पाण्यावर ठेवत. तेल ही चैनीची वस्तू होती. ‘मांदं’ म्हणजे चरबी वितळवून तिच्यावरच फोडणी होई. लाल मिरची, लसूण आणि मीठ एवढे वाटण पुरे असे. हाताशी असेल तर चुलीत भाजलेला कांदा, खोबऱ्याचा तुकडा किंवा चमचाभर येसर पडे. भाजलेली धान्ये आणि मसाले दळून केलेला येसर मराठवाड्यात घरोघर असतो, आणि पातळ रश्शाला अंग आणण्याचे काम तोच करतो. जर्मनच्या किंवा मातीच्या भांड्यात झाकणावर पाणी ठेवून हा रस्सा उकळत राही. शेवटी वर लाल तवंग येई. भाकरी त्यात चुरून किंवा तुकडा बुडवून खाल्ली जाई. आतडी साफ करून ‘वजडी’, गोठलेल्या रक्ताची ‘रक्ती’ असे जनावराच्या प्रत्येक भागाचे वेगळे पदार्थ होते आणि प्रत्येकाचा वेळ, वास आणि साफसफाईची पद्धत वेगळी होती. पाटोळे यांनी या पाककृती नोंदवल्या नसत्या तर यातील अनेक शब्द कोणत्याही कोशात न शिरता संपले असते.

जिल्ह्यातील मुस्लिम घरांची परंपरा यापेक्षा वेगळी आहे. तेथे मांस खाटकाकडून विकत येते. बाजारात ‘छोट्याचे’ म्हणजे शेळी-बोकडाचे आणि ‘मोठ्याचे’ म्हणजे गाय-बैल-म्हशीचे अशी भाषा आहे. पाया, निहारी, दालचा हे हैदराबादी वळणाचे पदार्थ आणि औरंगाबादकडचा नान-कलिया ही सारी मंद आचेवर शिजणाऱ्या निबर मांसाचीच रूपे आहेत. नान-कलियाचा संबंध मुहम्मद तुघलकाने १३२७ साली देवगिरीला राजधानी हलवली त्या घटनेशी जोडण्याची लोकपरंपरा आहे. बिर्रियाशी तुलनाच करायची तर जाड रश्शात बुडवून खायचा नान त्याला अधिक जवळचा वाटेल. परंतु महारवाड्यातील रस्सा आणि मोहल्ल्यातील कलिया यांच्या प्रतिष्ठेत जे अंतर होते ते मसाल्यांमुळे पडलेले नव्हते. एकाचे मांस विकत घेतलेले होते, दुसऱ्याचे वाट्याला आलेले.

बोकडाचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी जात मांसासाठी नावाजलेली आहे. गरिबाची गाय म्हणून ती भूमिहीनांच्या दारातच वाढली, पण तिचे मांस देवीच्या नैवेद्यालाही चालले आणि पाटलाच्या पंक्तीलाही. मेक्सिकोत बोकड हलका ठरला आणि गोमांस त्याच्या जागी आले. धाराशिवमध्ये बोकड वर चढला आणि गोमांस खाली राहिले. जनावरात उपजत उच्चनीचता नसते, याला याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

मृताहाराचा त्याग

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. शिळे-उष्टे मागणे आणि मृताहार या दोन गोष्टी स्वाभिमानाच्या आड येतात, ही त्यांची भूमिका होती. या आवाहनानंतर ढोर ओढणे नाकारणाऱ्या महारांवर अनेक गावांत बहिष्कार पडले. निजामी राज्यात चळवळीला मर्यादा होत्या, तरी ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत परिषद झाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातील ही अत्यंत महत्त्वाची घटना होय. परिषदेचा विषय वतन हा होता. वतन आणि ढोर ओढणे एकमेकांत इतके गुंतलेले होते की वतनाचा प्रश्न हा अपरिहार्यपणे ताटाचाही प्रश्न होता.

१९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी ताजे मांस आणि मृत जनावराचे मांस यांत काटेकोर भेद केला. एकेकाळी गोमांस सर्वच खात होते. स्थिर वस्तीतील समाज मारलेल्या गाईचे आणि वस्तीबाहेरचे ‘विखुरलेले लोक’ मेलेल्या गाईचे. पुढे पहिल्यांनी गोमांस सोडले आणि दुसऱ्यांना ते परवडले नाही, तेव्हा त्यांच्या माथी अस्पृश्यता आली, असे त्यांचे विवेचन आहे. अन्न-इतिहासाच्या अभ्यासकाने हा भेद डोळ्यांआड केला तर दोन चुका संभवतात. गोमांस खाण्याच्या हक्काचा पुरस्कार करताना मृताहाराच्या सक्तीलाच ‘आपली परंपरा’ म्हणून गौरवण्याचा मोह होतो. किंवा मृताहाराच्या त्यागाचे कौतुक करताना त्या चुलीवरील सारे ज्ञानच लाजिरवाणे ठरते. यांपैकी दुसरी चूक अधिक प्रमाणात झाली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर आणि मुंबई राज्याच्या १९५८ च्या कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्यानंतर महार समाजातील बहुतांश कुटुंबांनी ढोर ओढणे थांबवले. हा त्याग अभिमानाचा होता आणि तो तसाच नोंदवला गेला पाहिजे. मात्र त्यासोबत चान्या, रक्ती, मांदं हे शब्द मुलांसमोर उच्चारण्याचे थांबले. आत्मकथनांत ते येतात ते बहुधा भुकेच्या किंवा अपमानाच्या प्रसंगात. चवीच्या प्रसंगात क्वचितच. बेबी कांबळे किंवा दया पवार यांच्याकडून पाककृतीची अपेक्षा करणे गैर आहे, परंतु इतिहासकाराने ही उणीव उणीव म्हणून ओळखायला हवी.

कायदा, दुष्काळ आणि ग्रंथ

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ हा १९७८ पासून अमलात आला. त्याने गाईच्या कत्तलीवर बंदी घातली. बैल व वळू यांची कत्तल ते काम, ओढ किंवा प्रजननास निरुपयोगी असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावर करता येत असे. या तरतुदीचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. बाजारात कायदेशीररीत्या येणारे बैलाचे मांस हे म्हाताऱ्या, झिजलेल्या जनावराचेच असणार, हे कायद्यानेच ठरवून दिले. गावगाड्याने मृत बैल दिला होता, कायद्याने निकामी बैल दिला. दोन्ही वेळा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला निबर मांस आणि लांब शिजवणी आली.

१९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळून मार्च २०१५ मध्ये ती अमलात आली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही पूर्ण बंदी आली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली. मात्र राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशीचे मांस प्रमाणपत्राच्या अटीवर कायदेशीर राहिले आणि ‘मोठ्याचे’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ म्हशीपुरता आकसला. २०१५ आणि २०१६ ही वर्षे मराठवाड्यासाठी भीषण दुष्काळाची होती. बीड, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या. पूर्वी अशा वर्षी शेतकरी निकामी बैल विकून बी-बियाण्याची तरतूद करी. आता ग्राहक उरला नाही. ज्याने आयुष्यात कधी गोमांस खाल्ले नाही अशा कुणब्याच्या गोठ्यापर्यंत हा प्रश्न पोहोचला, ही बाब केवळ आहारस्वातंत्र्याच्या अंगाने चाललेल्या चर्चेत मागे पडली.

पाटोळे यांचा ग्रंथ नेमका त्याच वर्षी, २०१५ मध्ये, वाचकांपुढे आला. जेवणाआधी म्हटल्या जाणाऱ्या परिचित वचनाला एक अक्षर जोडून त्यांनी केलेले शीर्षक पुरेसे बोलके आहे. ज्या अन्नाला पूर्णत्व बहाल झाले त्यात दूध, तूप आणि साखर होती. गावकुसाबाहेर ती नव्हती. ग्रंथाचे महत्त्व दुःखाच्या वर्णनात नाही. कोणता भाग किती वेळ शिजतो, चरबी कशी वितळवायची, वाटे कसे पडत, काय खाल्ले जाई आणि काय कधीच खाल्ले जात नसे, अशा तपशिलांत ते आहे. महार आणि मांग या दोन समाजांच्या आहारातील साम्य-भेद त्यात येतात, जे बाहेरच्या निरीक्षकांनी एकाच शब्दात बुडवून टाकले होते. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठवाड्यातील दलित चूल जागतिक वाचकांपुढे गेली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले.

आज जिल्ह्यातील ज्या घरांत हा रस्सा होतो तेथे मांस म्हशीचे असते आणि प्रेशर कुकरमुळे अर्ध्या रात्रीची शिजवणी तासाभरावर आली आहे. भाकरी ज्वारीचीच आहे. चान्यांचे तसे नाही. रस्सा झाकणाखाली शिजतो, चान्या मात्र उघड्यावर, दोरीवर, चार दिवस उन्हात वाळवाव्या लागतात, आणि अंगणातली दोरी गल्लीतून दिसते.